प्रयुक्ताची खुर्ची

१९८४ च्या पावसाळ्यापासून पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत मी एकवीस वेळा ‘प्रयुक्त’ झाले. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्या माणसावर प्रयोग करतात त्याला मराठीत प्रयुक्त म्हणतात. टेबलाच्या अलीकडे प्रयोगकर्ता, पलीकडे प्रयुक्त. दर प्रयोगानंतर मी अर्थशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानावर एक उभी रेघ ओढत असे. ती वही अजून माझ्या कपाटात आहे, म्हणून आकडा नक्की सांगता येतो.

अलीकडच्या खुर्चीत मी एकदाही बसले नाही. बी. ए.ला माझा स्पेशल विषय अर्थशास्त्र होता आणि मानसशास्त्र ‘जनरल’. स्पेशलवाल्यांना प्रयोगशाळा, जर्नल, तोंडी परीक्षा. जनरलवाल्यांना वर्गातली व्याख्यानं, एक क्रमिक पुस्तक आणि वर्षाअखेरीचा पेपर. विषय तोच असला तरी त्याच्या घरात आम्ही ओसरीपर्यंतच.

गेल्या जूनमध्ये भाची घरी आली. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तिला आता मेजर आणि मायनर असे विषय ठरवायचे होते. मेजर अर्थशास्त्र नक्की होतं. “मावशी, तू तर सायकॉलॉजी केलं होतंस ना? मायनरला घेऊन काही उपयोग होतो का गं?” असं तिनं विचारलं. मी लगेच ‘हो’ म्हणाले, पण उपयोग कसला ते मला दोन वाक्यांत सांगता येईना. ३८ वर्षं बँकेत काढून मी नुकतीच निवृत्त झाले होते. तिला जे तेव्हा सांगता आलं नाही ते इथं लिहिते आहे.

मानसशास्त्र मी आईमुळे घेतलं. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. डी. एड.ला तिला बालमानसशास्त्राचा पेपर होता, आणि तिच्या मते तिच्या सगळ्या शिक्षणात खऱ्या अर्थानं कामी आलेला तो एकच. “उद्या शाळेत लागलीस तर मुलांचं मन कळायला हवं,” एवढं तिचं कारण. आमच्या पिढीच्या बऱ्याच मराठी घरांत हा विषय असाच, डी. एड. आणि बी. एड.च्या दारानं आलेला होता. मी शाळेत लागले नाही हा पुढचा भाग.

पुण्यात या विषयाची मुळं चांगली खोल होती. विल्हेल्म वुंटनं लायप्झिगला पहिली प्रयोगशाळा काढली ती १८७९ साली. १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. पुणे विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये आणि पुढच्याच वर्षी गणेशखिंडीच्या आवारात प्राध्यापक कोठुरकरांनी मानसशास्त्राचा विभाग उभा केला. त्याचं नावच मुळी ‘प्रायोगिक मानसशास्त्र’. हा विषय तर्कानं बोलण्याचा नसून मोजून पाहण्याचा आहे, हे त्या नावातच सांगितलेलं होतं. शहराच्या मध्यात, सदाशिव पेठेत, १९६२ पासून ज्ञानप्रबोधिनी काम करत होती. तिचे संस्थापक आप्पा पेंडसे स्वतः मानसशास्त्रातले डॉक्टरेट. बुद्धी म्हणजे एकच आकडा नसून अनेक क्षमतांचा समूह आहे, या गिलफर्डच्या मांडणीवर तिथं चाचण्या तयार होत होत्या. आमच्या वाड्यातली दोन मुलं पाचवीसाठी प्रबोधिनीच्या प्रशालेची प्रवेश परीक्षा देऊन आली, तेव्हा त्यांनी सोडवलेली कोडी संध्याकाळी सगळा वाडा सोडवत बसला होता.

आणि याच शहरात ‘येरवडा’ हा शब्द होता. येरवड्याला तुरुंग आहे तसं मनोरुग्णालयही आहे. पण पुण्यात ‘याला येरवड्याला पाठवा’ असं कोणी म्हटलं की तुरुंगाचा विचार कोणाच्या मनात येत नसे. वर्गात, नाक्यावर, लग्नाच्या पंक्तीत तो शब्द सहज फेकला जायचा आणि सगळे हसायचे. मीही हसले आहे. मन लागणं, मन खाणं, मन मोडणं, मन राखणं असे मनाचे इतके बारीक व्यापार जिच्यात सांगता येतात त्या भाषेत मन आजारी पडण्याला मात्र आम्ही एका उपनगराचं नाव देऊन मोकळे झालो होतो. या शब्दाची किंमत पुढे मला बँकेच्या काउंटरवर कळली.

तर, ती प्रयोगशाळा. स्पेशलच्या मुलामुलींना प्रयुक्त लागत. आपसात एकमेकांवर प्रयोग करून भागत नसे, कारण प्रयोगाचा हेतू ज्याला आधीच ठाऊक आहे तो चांगला प्रयुक्त होत नाही. म्हणून कोणी अर्थशास्त्राचे, कोणी मराठीचे असे आम्ही बाहेरचे लोक धरून आणले जायचो. माझी मैत्रीण स्पेशलला होती. ती मला कॅन्टीनमधून ओढून न्यायची.

जिन्याखालची अरुंद खोली, दोन लाकडी टेबलं, मध्ये पडदा. मेमरी ड्रम नावाचं एक यंत्र होतं. गोल फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कागदावरची अक्षरं छोट्या खिडकीतून एकेक करून दिसायची. अक्षरं निरर्थक, शब्द होणार नाहीत अशी जुळवलेली. हर्मान एबिंगहाउसनं ही युक्ती काढली आणि वर्षानुवर्षं स्वतःच स्वतःचा प्रयुक्त होऊन अशा याद्या पाठ केल्या. १८८५ साली त्यानं जे छापलं त्यातून विस्मरणाचा वक्र जगाला मिळाला. पाठ केलेलं पहिल्या काही तासांत झपाट्यानं जातं, नंतर जाण्याचा वेग मंदावतो. वर्गात मी तो वक्र फळ्यावरून उतरवून घेतला होता. ड्रमसमोर बसल्यावर तो माझ्या डोक्यातून जाताना मला जाणवला. मघाशी आलेलं अक्षर जिभेवर आहे, पण बाहेर येत नाही. समोर मैत्रीण स्टॉपवॉच धरून बसलेली, आणि तिला नियमाप्रमाणे मदत करता येत नाही.

आरशात बघून चांदणी गिरवण्याचाही प्रयोग होता. हात दिसत नाही, आरशातलं प्रतिबिंब तेवढं दिसतं. पेन्सिल पुढे न्यावी म्हटलं तर मागे येते. एकोणीस वर्षं जो हात माझं ऐकत होता तो एका आरशानं परका केला. अर्धांगवायू झालेल्या माणसाला स्वतःचा हात कसा वाटत असेल, असा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला.

दर प्रयोगाच्या शेवटी प्रयुक्ताचं निवेदन घेत. प्रयोग चालू असताना तुम्हाला काय वाटलं, ते तुमच्याच शब्दांत. मैत्रीण ते जसंच्या तसं लिहून घ्यायची. बाकी सगळे तक्ते आणि सरासऱ्या मी विसरले असते तरी चाललं असतं. माझ्या आयुष्याला वळण लावलं ते या शेवटच्या दहा ओळींनी.

एकदा तिनं जर्नलमध्ये लिहिलं : ‘प्रयुक्त कंटाळलेली होती.’ सरांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि तिला विचारलं, “कंटाळा तुला दिसला? दिसलं काय ते लिही.” तिनं पुन्हा लिहिलं : ‘प्रयुक्ताने चौथ्या यादीनंतर दोनदा जांभई दिली. अजून किती याद्या आहेत, असे विचारले.’ सर म्हणाले, “आता हिचं निवेदन वाच.” निवेदनात मी सांगितलं होतं की आदल्या रात्री आजीला दम लागला म्हणून आम्ही पहाटेपर्यंत जागे होतो आणि डबा न खाता मी कॉलेजला आले होते. मला कंटाळा आला नव्हता. झोप आली होती, भूक लागली होती आणि आजीची काळजी वाटत होती.

सर पुढे जे म्हणाले ते मी जनरलची विद्यार्थिनी असून कायमचं घेऊन गेले. माणसाला नाव देण्याआधी वर्णन करा. वर्णन चुकलं तर दुरुस्त करता येतं. नाव एकदा चिकटलं की पुढचं सगळं तुम्ही त्या नावातूनच पाहता.

हे ऐकलं तरी अंगी यायला फार वर्षं लागली. जनरलवाल्याला या विषयाचा एक धोका असतो. पुस्तकाची शेवटची प्रकरणं वाचली की जो तो रोगी दिसायला लागतो. आधी स्वतः, मग घरचे, मग शेजारी. शब्द भरपूर हाती आलेले असतात आणि ते वापरायला अडवणारं कोणी नसतं. स्पेशलवाल्यांना निदान लाल रेघा मारणारे सर होते.

१९८६ साली बँकिंग सर्व्हिस रिक्रूटमेंट बोर्डाची परीक्षा देऊन मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून झाले. पहिली शाखा पेठेतली. लाकडी काउंटर, पितळेची टोकनं, जाडजूड लेजरं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयानं मोठे सहकारी बसत. हाक मारली तर पाहत नसत. जेवणाच्या सुट्टीत चार जण बोलत असले की हे डबा संपवून उठून जायचे. काही विचारलं तर तुटक उत्तर, तेही कधी भलतंच. महिन्याभरात मी त्यांचं निदान करून टाकलं : न्यूनगंड. शब्द माझ्याकडे तयार होता, ॲडलरचा, पेपरात त्यावर मी टीपही लिहिली होती. जेवताना मी तो दोघीतिघींना ऐकवला. तो सगळ्यांना पटला, कारण त्यानंतर त्यांचं प्रत्येक वागणं त्यात बसायला लागलं. ‘त्यांना न्यूनगंड आहे’ हे शाखेत सर्वमान्य झालं आणि हळूहळू कोणी त्यांच्याशी बोलेनासंच झालं.

अडीच वर्षांनी त्यांची बदली झाली. निरोपसमारंभाला त्यांची पत्नी आली होती. ती माझ्याशी बोलताना म्हणाली, “तुम्ही यांच्या उजव्या हाताला बसता ना? त्या कानानं त्यांना अजिबात ऐकू येत नाही हो. लहानपणी कान फुटायचा. सांगायचं नाही म्हणतात, नोकरीवर परिणाम होईल म्हणून.”

अडीच वर्षं मी त्यांच्या ऐकू न येणाऱ्या बाजूला बसून त्यांच्या मनाचा शोध लावत होते. ‘उजवीकडून हाक मारली तर पाहत नाहीत, समोरून मारली तर पाहतात,’ एवढं एक वर्णन जरी मी स्वतःशी केलं असतं तरी दुसऱ्या आठवड्यात उलगडा झाला असता. त्यासाठी पदवी लागत नव्हती. मी त्यांची माफी मागितली नाही. काय सांगून मागायची ते मला सुचलं नाही. ते आता नाहीत. हे लिहिताना ती माफी मागते आहे.

त्या दिवसापासून मी नाव देणं सोडलं आणि फक्त पाहायला लागले. बँकेचा काउंटर म्हणजे पाहायला फार चांगली जागा. तीच माणसं दर महिन्याच्या त्याच तारखांना वर्षानुवर्षं येतात आणि एक गोष्ट दरवेळी आपल्यासमोर करतात : सही.

एक निवृत्त ड्राफ्ट्समन काका पेन्शन काढायला यायचे. अक्षर छापल्यासारखं. एका वर्षी त्यांची सही नमुना सहीशी जुळेना. तरुण अधिकाऱ्यानं दोनदा स्लिप परत केली आणि काका चिडले. ‘म्हातारपणी हट्टी झालेत’ असं नाव तयारच होतं. मी जुन्या स्लिपा काढून एकाखाली एक ठेवल्या. सहीचा आकार तोच, वळणं तीच, पण दीड वर्षात ती लहान होत गेली होती. आणि प्रत्येक सहीतसुद्धा पहिलं अक्षर मोठं, शेवटची अक्षरं मुंगीएवढी. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्यांची मुलगी सोबत आली तेव्हा मी तिला स्लिपा दाखवल्या आणि म्हटलं, “काकांची सही बारीक होत चालली आहे. का ते मला सांगता येणार नाही, पण डॉक्टरांना हे कागद दाखवा.” तिनं दाखवले. तो पार्किन्सनचा आरंभ निघाला. त्या आजारात अक्षर असं आक्रसत जातं. नवी नमुना सही घेऊन त्यांचा प्रश्न बँकेपुरता पाच मिनिटांत सुटला.

स्मरणाचं प्रकरण तर रोज उपयोगी पडलं. आठवणं आणि ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवायला जमलं नाही तरी समोर आल्यावर ओळखू येतं. ‘आजी, ठेव कोणत्या वर्षी ठेवली होती?’ असं विचारलं की आजी गोंधळतात, गोंधळल्या की घाबरतात, घाबरल्या की स्वतःचा पत्ताही आठवत नाही. दोन पावत्या समोर ठेवून ‘यातली कुठली हो?’ म्हटलं की बोट बरोबर पावतीवर जातं. एटीएम आल्यावर पिन बदलून घेतलेले ग्राहक पुनःपुन्हा जुनाच आकडा दाबायचे आणि कार्ड अडकायचं. घरची माणसं म्हणायची, ‘यांचं डोकं चालेनासं झालंय.’ आधी पाठ केलेली यादी नंतरच्या यादीच्या आड येते, हे मी ड्रमसमोर स्वतः भोगलेलं होतं. मी त्यांना सांगायचे, “हे विसरणं नाही काका. जुना आकडा फार पक्का आहे, म्हणून तो मध्ये येतो. तरुणांनाही होतं.” एवढ्यानं माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसायचं.

आपली हद्द कुठं संपते हे कळणंही या विषयानंच शिकवलं. नव्वदच्या दशकात आमच्या एका सहकाऱ्याचं पिणं हाताबाहेर गेलं. पगाराच्या दिवशी त्याची बायको काउंटरशी येऊन उभी राहायची. औद्योगिक मानसशास्त्राच्या पेपरात व्यसन आणि गैरहजेरीवर मी छान उत्तर लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य तिच्या कामाचं नव्हतं. तिला पत्ता हवा होता. डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानं १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं होतं. तेव्हा ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात होतं. मी पत्ता लिहून दिला. तिनं चिठ्ठी वाचली आणि घडी घालून परत माझ्याकडे सरकवली. “येरवड्याला नको हो ताई. लोक काय म्हणतील? मुलीचं लग्न व्हायचंय.”

कॉलेजात ज्या शब्दावर मी हसले होते तोच शब्द त्या बाईच्या आणि मदतीच्या मध्ये उभा होता. मी तिला समजावत बसले नाही. पुढच्या सोमवारी रजा टाकून तिच्याबरोबर तिथवर गेले. नवरा पस्तीस दिवस राहिला. पुढे एकदा घसरला, पुन्हा गेला. निवृत्तीपर्यंत त्याची नोकरी टिकली. यात माझं काम सोबत जाण्याएवढंच. उपचार त्यांनी केले ज्यांना ते येत होते.

शेवटचा प्रसंग माझ्या निवृत्तीच्या वर्षातला, २०२४ च्या सुरुवातीचा. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी, आमच्या जुन्या ग्राहक, एकेकाळच्या मुख्याध्यापिका, सकाळी शाखा उघडताच आल्या. तिन्ही एफडी मोडायच्या आणि सगळी रक्कम आरटीजीएस करायची. कशाला? “मुलाला फ्लॅट घ्यायचाय.” काउंटरवरच्या मुलानं फॉर्म पुढे केला. तो हळूच मला म्हणाला, “आजींना हल्ली नीट समजत नाही वाटतं, एकच गोष्ट तीनदा विचारावी लागते.”

मी नाव बाजूला ठेवलं आणि पाहिलं. खुर्ची दिली तरी बसत नाहीत. पिशवी टेबलावर न ठेवता छातीशी धरलेली. पिशवीत मोबाईल उभा, पडदा उजळलेला. प्रत्येक उत्तराआधी नजर पिशवीकडे जाते. मुलाचं नाव घेतल्यावर एरवी खुलणारा चेहरा हलला नाही.

मी काउंटरच्या बाहेर गेले, त्यांचा हात धरून बाकावर बसवलं, शेजारी बसले आणि स्लिपच्या मागं लिहिलं : ‘फोनवर कोणी ऐकतंय का? नुसती मान हलवा.’ त्यांनी मान हलवली.

कुरिअरच्या पाकिटात अमली पदार्थ सापडले आहेत, तुमच्या आधार कार्डावर गुन्हा आहे, आम्ही मुंबई पोलीस बोलतोय, घर सोडायचं नाही, फोन बंद करायचा नाही, कोणाला सांगितलंत तर मुलालाही अटक होईल. आदल्या संध्याकाळपासून तो आवाज त्यांच्या सोबत होता. त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या.

‘पोलीस फोनवरून अटक करत नाहीत. फोन बंद करू या?’ असं मी लिहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्या क्षणी मला दुसऱ्या वर्षाचं सामाजिक मानसशास्त्र आठवलं. स्टॅनली मिलग्रॅमनं १९६१ मध्ये येल विद्यापीठात सामान्य नागरिकांना बोलावून, करड्या कोटातल्या अधिकारी माणसाच्या तोंडून ‘पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विजेचा झटका द्या’ असं सांगायला लावलं. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. पेपरात आम्ही एवढंच लिहायचो. पुढचं मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीत त्याच्याच पुस्तकात वाचलं होतं. त्यानं हा प्रयोग अनेक तऱ्हांनी बदलून केला. एका तऱ्हेत प्रयुक्ताच्या शेजारी आणखी दोन माणसं बसवली, आणि त्या दोघांनी मध्येच ‘आम्ही हे करणार नाही’ म्हटलं. तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४ उरले. हुकूम देणारा तोच, कोट तोच. फरक एवढाच की शेजारी नकार देणारं कोणीतरी होतं.

मी शाखाधिकाऱ्यांना खूण केली. ते येऊन आजींच्या दुसऱ्या बाजूला बसले. मी मोठ्यानं, फोनमध्ये ऐकू जाईल असं म्हणाले, “मी हे पैसे पाठवणार नाही.” शाखाधिकारी म्हणाले, “मीही नाही.” फोनमधला आवाज चढला. आजींनी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि स्वतः फोन बंद केला. मग आम्ही १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि त्यांच्या मुलाला बोलावून घेतलं. पैसे वाचले होते. पण आजी रडत होत्या ते वेगळ्या कारणानं. “तीस वर्षं शाळा चालवली मी. मुलांना शिस्त लावली. आणि एका फोनला भ्यायले. मी इतकी मूर्ख कशी?”

मी त्यांना येलमधल्या त्या चाळीस माणसांची गोष्ट सांगितली. त्यांत शिक्षक होते, इंजिनिअर होते, टपाल कारकून होते, मजूर होते. कोणी मूर्ख नव्हतं, कोणी दुष्ट नव्हतं. अधिकाराच्या आवाजासमोर एकट्या सापडलेल्या माणसाचं असं होतं, एवढंच. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, “सव्वीस म्हणालात ना?” तो आकडा त्यांनी पदरी बांधून घेतल्यासारखा पुन्हा म्हटला. पैसे बँकेच्या नियमांनी आणि शाखेतल्या माणसांनी वाचवले. आजींना त्यांचा मान परत द्यायला मात्र जनरलला शिकलेला एक प्रयोग उपयोगी पडला.

भाचीला मी आता हे सांगते. मायनरला मानसशास्त्र घे. त्यानं तू समुपदेशक होणार नाहीस, कोणाच्या मनात काय चाललंय ते तुला ओळखता येणार नाही, आणि तसं कोणी विचारलं तर ‘नाही’ म्हणायला शीक. मोबाईलवर आज जो तो एकमेकांना नार्सिसिस्ट, टॉक्सिक, बायपोलर म्हणतो आहे. माझ्या पिढीचा एक ‘येरवडा’ होता, तुमच्याकडे असे वीस शब्द आहेत. ते शब्द तुझ्या पुस्तकात येतील तेव्हा त्यांचा खरा अर्थ आणि त्यामागची दुखणी नीट वाच, आणि माणसांवर फेकू नकोस. कोणाला खरंच मदत लागली तर त्याच्याबरोबर डॉक्टरांपर्यंत जा. ते जमणार नसेल तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फिरवून फोन त्याच्या हातात दे.

आणि एक काम पहिल्या महिन्यातच कर. तुझ्या कॉलेजात मानसशास्त्राची प्रयोगशाळा असेल. मेजरवाल्यांना प्रयुक्त हवेच असतात. जिना उतरून जा, त्यांना तुझं नाव दे आणि त्या पलीकडच्या खुर्चीत बस.